गुडघे टेकलेला मोर्चा



उपवासकाळातल्या तिसऱ्या शुक्रवारची गोष्ट. क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपली होती आणि दृढीकरणाच्या मुलांचा वर्ग चालू होता. धडा होता डोंगरावरच्या प्रवचनाचा. कुणी एका गालावर मारलं तर दुसराही पुढे करावा, ही प्रभूची शिकवण आम्ही समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, डेस्मंड टुटू बिशप होते ना? मग ते मोर्चात कसे? आणि लोकांना दुकानात जाऊ नका, बसमध्ये बसू नका, असं सांगणं म्हणजे भांडणच ना?"

शाळेत त्यांना मंडेलांवर धडा होता, त्यातून हा प्रश्न आलेला. आम्ही काहीतरी उत्तर दिलं. "तो राजकारणाचा भाग झाला, आपण अध्यात्म बघू," असं काहीसं. मुलगी खाली बसली. पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमचंही झालं नव्हतं.

आम्ही म्हणजे बेळगावकडच्या एका छोट्या पॅरिशमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे चौघे. लिहितो एक जण, पण लिहिण्याआधी चौघे बोलतो. त्या शुक्रवारनंतर तीन आठवडे आम्ही दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याबद्दल मिळेल ते वाचलं. हा लेख म्हणजे त्या मुलीला आम्ही द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. ते देताना आमच्याच पॅरिशमधली एक जुनी गोष्ट वर आली. तीही शेवटी सांगतो.

सुरुवात प्रभुभोजनाच्या मेजापासून

वर्णभेद म्हटलं की आपल्याला १९४८ साल आठवतं. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी सत्तेवर आली. त्यानंतर माणसाचा वंश सरकारदरबारी नोंदला जाऊ लागला, कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते ठरवलं गेलं, बाकं आणि स्टेशनचे दरवाजे वेगळे झाले, आणि काळ्या मुलांसाठी मुद्दाम कमी दर्जाचं शिक्षण आखण्यात आलं. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला खिशात पास बाळगावा लागे. पास नसला की तुरुंग.

पण आम्हाला धक्का बसला तो याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधीची एक नोंद वाचून. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मपरिषदेपुढे एक प्रश्न आला. काही गोऱ्या सभासदांना काळ्या बांधवांबरोबर एका मेजावर प्रभुभोजन घेणं नको होतं. परिषदेने म्हटलं की एकत्र उपासना हीच शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना ठेवायला हरकत नाही. बस्स, एवढंच. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणाला मारलं नाही. थोड्या लोकांचं मन राखण्यासाठी केलेली ती सवलत होती. पुढे १८८१ मध्ये काळ्या-मिश्रवर्णीय लोकांसाठी वेगळं चर्चच निघालं. आणि १९४८ मध्ये जे पंतप्रधान झाले ते डॅनियल मलान एके काळी याच चर्चचे पाळक होते.

देशाच्या कायद्यात जी भिंत उभी राहिली तिची पहिली वीट मंदिरात ठेवली गेली होती. हे वाचल्यावर आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो.

पायरीवर पाऊल ठेवण्यातली ताकद

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्यांच्याजवळ मत नाही, शस्त्र नाही, जमीन नाही, त्यांनी लढायचं कसं?

२६ जून १९५२ रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि तिथल्या भारतीय काँग्रेसने मिळून कायदेभंगाची मोहीम सुरू केली. स्वयंसेवक ठरवून, शिस्तीत, 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी असलेल्या दारातून आत जात. पोलीस पकडत. दंड भरून सुटायचं नाही, तुरुंगात जायचं, असा नियम होता. आठ हजारांवर माणसं अशी आत गेली. हेतू असा होता की तुरुंग भरून जावेत, आणि जो कायदा इतकी माणसं हसत हसत मोडतात त्या कायद्याची भीती लोकांच्या मनातून जावी.

या मोहिमेत अल्बर्ट लुथुली हे एक नाव आहे. ग्राउटव्हिल गावचे ते प्रमुख, चर्चमध्ये प्रवचन करणारे प्रापंचिक सेवक. सरकारने त्यांना सांगितलं, काँग्रेस सोडा नाहीतर गावाचं प्रमुखपद सोडा. त्यांनी दोन्ही सोडायला नकार दिला. सरकारने त्यांना पदावरून काढलं. तेव्हा त्यांनी जे निवेदन काढलं त्याचा आशय असा होता की स्वातंत्र्याचा रस्ता क्रूसावरून जातो. त्याच वर्षाअखेरीस लोकांनी त्यांना काँग्रेसचे अध्यक्ष केलं, आणि पुढे त्यांना १९६० सालचा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला.

मोहिमेचा शेवट मात्र विजयात झाला नाही. १९५३ मध्ये सरकारने नवा कायदा केला. निषेध म्हणून कायदा मोडला तर वर्षानुवर्षांचा तुरुंगवास आणि फटक्यांची शिक्षा. मोहीम थांबली. पण काँग्रेसचे सभासद कितीतरी पटींनी वाढले. पेरणी झाली होती, पीक दिसायला चाळीस वर्षं जाणार होती.

१९५७ मधली दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडली, कारण ती अगदी साध्या माणसांची आहे. जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीतून कामाला जाणाऱ्या लोकांच्या बसचं भाडं चार पेन्सचं पाच पेन्स केलं. एका पेनीची वाढ. पण ज्याच्या घरात पगार महिनाअखेरीआधीच संपतो त्याला पेनीची किंमत विचारावी. लोकांनी ठरवलं, बसमध्ये चढायचं नाही. मोलकरणी, हमाल, कारखान्यातले कामगार पहाटे उठून चालत निघाले. जायचे सुमारे पंधरा किलोमीटर आणि यायचे तेवढेच. पावसात, उन्हात, जवळजवळ तीन महिने. रिकाम्या बसेस रस्त्यावरून धावत राहिल्या. गाडीतून जाणारे काही गोरे थांबून त्यांना बसवून घेत, तर पोलीस त्या गाड्या अडवून त्रास देत. शेवटी व्यापाऱ्यांच्या संघाला मध्ये पडावं लागलं, सरकारला नवा कायदा करून मालकांकडून जादा पैसे वसूल करावे लागले आणि भाडं पुन्हा चार पेन्सवर आलं.

या लोकांनी कुणावर हात उगारला नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट देणं थांबवलं. तिथे आम्हाला पहिल्यांदा उमगलं की अन्यायाची व्यवस्था नुसत्या बंदुकीवर उभी नसते. जे सोसतात त्यांच्या रोजच्या मदतीवर ती उभी असते. त्यांच्या घामावर, त्यांच्या पैशावर आणि त्यांच्या गप्प बसण्यावर. ती मदत काढून घेणं हाच त्या लढ्याचा गाभा होता.

ख्रिस्तसभा बोलली, पण चालायला वेळ लागला

त्याच १९५७ साली सरकारने आणखी एक कायदा आणला. गोऱ्यांच्या भागातल्या चर्चमध्ये काळ्यांना येण्यास मंत्री बंदी घालू शकेल, असं त्यात कलम होतं. केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे वयोवृद्ध, तब्येतीने खचलेले, भांडखोर तर मुळीच नव्हते. त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की असा कायदा झाला तर आम्ही तो पाळू शकणार नाही आणि आमच्या लोकांनाही पाळायला सांगू शकणार नाही. राखेच्या बुधवारी त्यांनी त्या पत्रावर सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं.

आपल्या कॅथलिक बिशपांनीही त्या वर्षी निवेदन काढून वर्णभेद हा मुळातच दुष्ट आहे असं स्पष्ट सांगितलं. पण त्या निवेदनातली दुसरी कबुली आम्हाला अधिक मोलाची वाटते. आमच्याच शाळा, सेमिनऱ्या, कॉन्व्हेंट आणि इस्पितळांमध्ये हाच भेद चालतो, असं बिशपांनी त्यात मान्य केलं. मान्य केलं, पण लगेच बदललं नाही. गोऱ्या मुलांच्या कॅथलिक शाळांची दारं काळ्या मुलांसाठी कायदा झुगारून उघडली गेली ती १९७६ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी. आणि त्यात पुढाकार होता तो धर्मभगिनींचा.

आपण ख्रिस्ती लोक निवेदनं छान काढतो. प्रभूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यातला "जातो बाबा" म्हणून न गेलेला मुलगा आपल्या ओळखीचा आहे.

दारं बंद झाल्यावर

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे पासविरोधी निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं मेली. काही दिवसांतच काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी आली. आता सभा नाही, मोर्चा नाही. १९६१ च्या डिसेंबरात मंडेला आणि त्यांच्या सोबत्यांनी सशस्त्र गट उभारला आणि १९६४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

मुलांना हे लपवू नये असं आमचं मत झालं. हा लढा पूर्ण अहिंसक नव्हता. नंतरच्या काळात जमावाने खबऱ्या म्हणून माणसं जिवंत जाळली, बहिष्कार मोडणाऱ्या गरिबांवरही जबरदस्ती झाली. १९८५ च्या जुलैमध्ये डुडुझा गावात जमाव असाच एका माणसाला मारायला निघाला होता, तेव्हा टुटू आणि त्यांचे सहकारी बिशप गर्दीत घुसले आणि त्याला वाचवलं. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याच्या हातूनही अन्याय होऊ शकतो, हे टुटूंनी आपल्या माणसांना तोंडावर सांगितलं. गोऱ्या सरकारला सांगण्यापेक्षा ते अवघड होतं.

काहींना वेगळीच किंमत मोजावी लागली. बायर्स नोडे हे डच रिफॉर्म्ड चर्चचे मोठे पाळक, सत्ताधाऱ्यांच्या आतल्या वर्तुळातले. वर्णभेदाला शास्त्राचा आधार नाही हे पटल्यावर १९६३ मध्ये त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली. चर्चने सांगितलं, पाळकपण किंवा ही संस्था, एकच निवडा. त्यांनी व्यासपीठ सोडलं. १९७७ मध्ये सरकारने संस्थेवरच बंदी घातली आणि नोड्यांवर सात वर्षं निर्बंध लादले. पुष्कळ नातेवाईक आणि मित्र दुरावले. आम्हाला वाटतं, आपल्याच माणसांच्या पंगतीतून उठून जाणं हे तुरुंगापेक्षा सोपं नसावं.

१६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. त्या दिवसांत मुलं धावत रेजिना मुंडी या कॅथलिक चर्चमध्ये शिरली. पोलीस मागोमाग आत आले आणि गोळ्या झाडल्या. वेदीच्या संगमरवराचा कोपरा तुटला तो आजही तसाच आहे.

मिळालेली खुर्ची नाकारणं

१९८३ मध्ये सरकारने एक हुशार चाल खेळली. संसदेत तीन सभागृहं करायची, एक गोऱ्यांचं, एक मिश्रवर्णीयांचं, एक भारतीय वंशाच्या लोकांचं. बहुसंख्य काळ्यांना काहीच नाही. ज्या भारतीयांच्या प्रश्नासाठी १९१२ साली आपले नामदार गोखले तिथे जाऊन आले होते, त्यांच्या नातवंडांना आता खुर्ची देऊ केली होती. अट एकच, शेजाऱ्याला बाहेर उभं ठेवून बसायचं.

याला उत्तर म्हणून २० ऑगस्ट १९८३ रोजी केपटाउनजवळ युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटची स्थापना झाली. चर्चचे गट, महिला मंडळं, कामगार संघटना, विद्यार्थी, खेळाडूंचे क्लब अशा पाचशेहून अधिक संस्था त्यात आल्या. एक नेता पकडला तर सगळं थांबेल अशी ही रचनाच नव्हती. पुढच्या वर्षी निवडणूक झाली तेव्हा भारतीय आणि मिश्रवर्णीय मतदारांपैकी बहुतेक जण मतदानाला फिरकलेच नाहीत. अर्धी भाकरी आपल्याला मिळते म्हणून दुसऱ्याची उपासमार विसरायची नाही, हे त्यांनी मतपेटी रिकामी ठेवून सांगितलं.

१९८५ मध्ये पोर्ट एलिझाबेथ शहरात म्खुसेली जॅक या तरुणाच्या पुढाकाराने काळ्या लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांतली खरेदी बंद केली. मागण्या मोजक्या होत्या: वस्त्यांमधून सैन्य हलवा, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करा, अटकेतल्यांना सोडा. आणीबाणी लागली, नेते पकडले गेले, तरी दुकानं ओस. कुणाला काय घ्यायचं नाही यासाठी तुरुंगात टाकता येत नाही! अखेर गोरे दुकानदारच सरकारकडे गेले की या नेत्यांना सोडा, नाहीतर आमचा धंदा बुडतो. नोव्हेंबरात नेते सुटले. पुढल्या वर्षी देशभर आणीबाणी लावून सरकारने पुन्हा सगळं दडपलं. पण गोरा व्यापारी आणि गोरं सरकार यांचं हित एकच नाही, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

देशाबाहेरूनही हेच हत्यार चाललं. आपल्या भारताने तर १९४६ मध्येच, सगळ्यांच्या आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि १९७४ मध्ये डेव्हिस कपची अंतिम फेरी त्यांच्याविरुद्ध खेळायला नकार दिला होता. १९८५ नंतर परदेशी बँकांनी हात आखडला, निर्बंध आले. प्रार्थनेनेच वर्णभेद पडला असं म्हणणं खोटं होईल. आणि प्रार्थनेचा त्यात काही वाटा नव्हता असं म्हणणंही खोटं होईल.

प्रार्थना कशासाठी?

१९८५ च्या १६ जूनला तिथल्या चर्चमधल्या काही मंडळींनी एक आवाहन केलं: अन्यायी राजवटीचा अंत व्हावा म्हणून प्रार्थना करा. केवढी खळबळ उडाली! अनेक चर्चप्रमुखच म्हणाले, असं कसं मागायचं? राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, त्यांच्याविरुद्ध नव्हे. आम्ही विचार केला, मरियेच्या स्तुतिगीतात सत्ताधीशांना सिंहासनावरून खाली ओढण्याची भाषा आपण रोज म्हणतोच की. म्हणतो, पण कुणाचं सिंहासन ते मनात आणत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात दीडशेहून अधिक धर्मगुरू, पाळक आणि प्रापंचिकांनी सह्या केलेला कैरोस दस्तऐवज बाहेर आला. त्यात ख्रिस्ती लोकांच्या तीन वृत्ती सांगितल्या आहेत. पहिली, सरकार करतं ते देवाच्याच इच्छेने, असं म्हणणारी. दुसरी, सरकारवर टीका करणारी, पण दोन्ही बाजूंना "समेट करा, क्षमा करा, शांत राहा" एवढंच सांगणारी. तिसरी, संदेष्ट्यांची, अन्याय कोण करतो आणि कोण सोसतो हे नाव घेऊन सांगणारी.

पहिली वृत्ती आमची नाही असं आम्ही पटकन म्हणालो. दुसरीशी आलो आणि थबकलो. ज्याचा पाय दुसऱ्याच्या मानेवर आहे आणि ज्याची मान खाली आहे, त्या दोघांनाही सारखाच "शांत राहा" असा उपदेश केला तर तो उपदेश पायाच्या बाजूने जातो. त्या दस्तऐवजाचं म्हणणं असं की अन्याय कायम ठेवून केलेला समेट हा ख्रिस्ती समेट नव्हेच. पश्चात्ताप आधी यावा लागतो.

आणि आता त्या मुलीचं उत्तर. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी सरकारने १७ संघटनांचं काम बंद पाडलं. बोलायला कुणी उरलंच नाही, उरली ती चर्चं. पाच दिवसांनी, २९ तारखेला, केपटाउनच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमधून धर्मगुरू आणि पाळक हातात हात गुंफून संसदेकडे निघाले. पुढे टुटू होते, रिफॉर्म्ड चर्चचे ॲलन बोसाक होते, फ्रँक चिकाने होते, आणि केपटाउनचे कॅथलिक आर्चबिशप स्टीफन नायडू होते. डरबनमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे. पोलिसांनी अडवलं, परत जायला सांगितलं. ही मंडळी रस्त्यावरच गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. पुढच्यांना अटक झाली, मागच्यांवर पाण्याचे फवारे सोडले गेले.

बाळ, तू विचारलंस ना, बिशप मोर्चात कसे? हे असे. मोर्चा सोडून प्रार्थनेला गेले नाहीत आणि प्रार्थना सोडून मोर्चाला गेले नाहीत. दुसरा गाल पुढे करणारा माणूस पळूनही जात नाही आणि उलट मारतही नाही. तो समोर उभा राहतो, आणि मारणाऱ्याला विचार करायला लावतो. प्रभूने शिष्यांना पाठवताना सापाची हुशारी आणि कबुतराचा निष्पापपणा दोन्ही एकाच वाक्यात मागितले होते. आपण कबुतर तेवढं लक्षात ठेवलं.

किंमत मोजावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी जोहान्सबर्गमधल्या चर्च परिषदेच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला, ऑक्टोबरात प्रिटोरियातल्या कॅथलिक बिशपांच्या मुख्यालयाला आग लावली गेली. पण १३ सप्टेंबर १९८९ रोजी केपटाउनमध्ये पुन्हा मोर्चा निघाला तेव्हा सुमारे ३०,००० लोक चालले आणि शहराचा महापौरही त्यात होता. या वेळी पोलीस आडवे आले नाहीत. पाच महिन्यांत मंडेला सुटले. २७ एप्रिल १९९४ ला सगळ्यांनी मतदान केलं.

आमच्या स्वयंपाकघरातली गोष्ट

१९९० च्या नोव्हेंबरात रुस्टेनबर्ग इथे चर्चची परिषद भरली. तिथे डच रिफॉर्म्ड चर्चचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली. टुटूंनी तिचा स्वीकार केला. इतक्या लवकर का, असं काही काळ्या प्रतिनिधींना वाटलं, आणि त्यांचं वाटणंही खोटं नव्हतं. पुढे सत्य आणि समेट आयोग नेमला गेला, टुटू त्याचे अध्यक्ष. माफी हवी असेल तर केलेलं सगळं उघड सांगा, अशी अट होती. माफीसाठी सात हजारांवर अर्ज आले, त्यातले बहुतेक फेटाळले गेले. नावातच बघा, सत्य आधी आणि समेट नंतर.

हे वाचत असताना आमच्यातली एक जण हळूच म्हणाली, "ती मुलगी टुटूंबद्दल विचारत नव्हती. ती आईबद्दल विचारत होती."

तीन वर्षांपूर्वी आमच्या फेस्ताच्या जेवणाची तयारी चालू होती. त्या मुलीची आई पलीकडच्या वस्तीतून सकाळीच आली होती. दिवसभर कांदे चिरले, भांडी घासली. वाढायची वेळ झाली तशी तिने पदर खोचून भाताचं ताट उचललं, तर दोघीतिघी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "राहू दे गं, वाढायला आम्ही आहोत." पुढच्या वर्षीही तेच. कारण कुणी बोललं नाही आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. बाप्तिस्मा एक, वेदी एक, पण वाढणारे हात ठरलेले. तिने आम्हाला येऊन सांगितलं. आणि आम्ही काय म्हणालो? "ताई, जाऊ द्या. फेस्ताच्या दिवशी नको. प्रभूवर सोपवा, क्षमा करा." काहींच्या दुर्बलतेमुळे, १८५७ सारखंच. त्यानंतर ती महिला मंडळात आली नाही. मिस्साला येते, मागे बसते, आशीर्वाद झाला की निघून जाते.

वाढायला मनाई करणाऱ्यांना आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. क्षमेचा धडा दिला तो फक्त जिला दुखावलं तिला.

परवा आम्ही चौघे तिच्या घरी गेलो. माफी मागितली. तिने चहा केला, ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माफी ठीक आहे. वाढपाची यादी नोटीस बोर्डावर लागू दे, मग बघू." रागाने नाही, अगदी सरळ.

आम्ही फादरांना भेटलो आणि सांगितलं की या वर्षी वाढपाच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, सगळ्या वस्त्यांची नावं त्यात असावीत. तसं झालं नाही तर आम्ही चौघे फेस्ताच्या जेवणाचं कुठलंच काम करणार नाही, आणि का करणार नाही ते विचारणाऱ्याला सांगू. फादर म्हणाले, "पॅरिशमध्ये फूट पडेल." आम्ही म्हणालो, "फूट आहेच फादर, ती दिसेल एवढंच." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढच्या रविवारी पॅरिश कौन्सिलपुढे विषय ठेवतो म्हणाले. दोन घरांतून आम्हाला फोन आले आहेत, गोड बोलण्यासाठी नव्हेत. काय होईल ते माहीत नाही. हे सगळं बस न घेता पंधरा किलोमीटर चालण्यापुढे काहीच नाही, हेही आम्हाला माहीत आहे.

उपवासकाळात आपण मांस सोडतो, गोड सोडतो. या वर्षी आपापल्या घरात, मंडळात, पॅरिशमध्ये थोडं शोधू या की कुठल्या अन्यायाला आपण नुसतं गप्प बसून हातभार लावतो. तो हातभार सोडणं हाही उपवासच आहे. यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितलं आहे. घरी सगळ्यांनी मिळून तो अध्याय वाचावा.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू सर्वांना एका मेजावर बोलावलंस आणि आम्ही त्या मेजाला कोपरे पाडले. ज्यांना आम्ही क्षमेचा उपदेश करून गप्प केलं त्यांची माफी मागण्याचं धैर्य दे. ज्यांना सांगायला आम्ही घाबरतो त्यांच्याशी प्रेमाने आणि खरं बोलायला शिकव. आमचे गुडघे टेकलेले असोत आणि पाय चालते असोत. आमेन.